साय गोरं करत नाही, तेच बरं आहे

आज नगरपालिका, पाणी आणि खड्डे यांना सुट्टी. आज विषय सायीचा. हसू नका, विषय सार्वजनिकच आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर पटेल.

थंडी पडली की मोबाइलवर एक पूर येतो. साय आणि हळद, बेसन आणि दही, मध आणि लिंबू, कॉफी आणि साखर. वाटीत कालवा, तोंडाला फासा, वीस मिनिटं थांबा, ‘सात दिवसांत फरक बघा’. ताई सांगतात, डॉक्टर नसलेले दादा सांगतात, आणि खाली हजारो बायाबापड्या विचारतात, ‘रोज लावलं तर चालेल का?’

गंमत अशी की यातल्या बऱ्याच वस्तू चांगल्याच आहेत. आपल्या आज्यांनी त्या वापरल्या, आपल्या आयांनी वापरल्या. खोटं आहे ते त्यांच्यापुढे चिकटवलेलं वचन. मॉइश्चरायझर म्हणजे त्वचेतला ओलावा टिकवणारी गोष्ट. काम एवढंच. रील मात्र म्हणते ‘उजळपणा’, ‘ग्लो’, ‘टॅन रिमूव्हल’. शब्द तीन, अर्थ एकच: गोरं व्हा. ओलावा आणि गोरेपणा यांची ही जी गल्लत केली जाते ना, तिच्यावर मोठा धंदा उभा आहे. आणि काही घरांत या गल्लतीमुळे पारा शिरलाय. पारा म्हणजे थर्मामीटरमधला पारा, तोच.

अकोल्याची बातमी आठवते का? 2023 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली होती. वीस वर्षांची बायोटेक्नॉलॉजी शिकणारी मुलगी. तिनं ओळखीच्या ब्युटिशियनकडून गोरं करणारं एक क्रीम घेतलं. चेहरा उजळला, लोक कौतुक करू लागले, म्हणून आईनंही लावलं, बहिणीनंही लावलं. काही महिन्यांत तिघींच्याही मूत्रपिंडाला आजार. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. एका घरातल्या तीन बायका, एकच डबी.

हे एकट्या अकोल्याचं नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात, कोट्टक्कलच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण अचानक वाढलेत. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात त्यांनी असे 22 रुग्ण तपासले. 15 जणांमध्ये आजाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि त्या 15 पैकी 13 जणांनी सांगितलं की आम्ही गोरेपणाचं क्रीम लावत होतो. हा अभ्यास ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केरळच्या औषध नियंत्रण विभागानं 2023 मध्येच ‘ऑपरेशन सौंदर्य’ नावानं दुकानांवर छापे टाकले.

पारा का घालतात? कारण तो ‘काम’ करतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होण्याची क्रिया तो अडवतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. पण हाच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळणी खराब करतो. मग लघवीला फेस येतो, पाय सुजतात, तोंड सुजतं. आपल्याकडे पाय सुजले की आधी ‘वात’ म्हणतात, मग ‘अशक्तपणा’. तोंडाला लावलेल्या क्रीमपर्यंत कुणाचा विचारही जात नाही.

कायदा आहे. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020. सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालायचा नाही. चुकून आलाच तर साध्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एक भाग, यापेक्षा जास्त नको. कायदा कागदावर एकदम चोख. पण तालुक्याच्या बाजारात, पार्लरच्या टेबलावर, जत्रेतल्या पालावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जी बिनलेबलाची डबी विकली जाते, तिला कोण विचारतं? तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, तारीख नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘ताई, घरगुती आहे, हर्बल आहे, काही होत नाही.’

इथं माझा मुद्दा येतो. ‘घरगुती’ हा शब्द आपण फार स्वस्तात देऊन टाकला. घरगुती म्हणजे जे तुम्ही तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर, ओळखीच्या वस्तूंपासून बनवलं ते. दुसऱ्याच्या घरात बनून पैसे मोजून तुमच्याकडे आलेली वस्तू घरगुती नसते, तो माल असतो. आणि मालाला मालाचे नियम लागतात. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर राज्याच्या परवान्याशिवाय बनवता येत नाही, हेच कितीतरी लोकांना माहीत नाही. विकणाऱ्यांनाही नाही.

दुसरी गोष्ट. घरात खरोखर बनवलेलं मलम कधीच कुणाला गोरं करत नाही. आणि हेच त्याच्या खरेपणाचं लक्षण आहे. आठ दिवसांत रंग उजळला म्हणजे समजा, त्यात साय नाही, दुसरं काहीतरी आहे. पारा तरी, नाहीतर स्टेरॉइड तरी. स्टेरॉइडचं प्रकरण तर आणखी गावोगाव पसरलंय. 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 प्रकारची त्वचेवर लावायची स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा आदेश काढला. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून बघा, तो आदेश किती पाळला जातो ते. ‘ती अमुक ट्यूब द्या’ म्हटलं की हातात. लावायला लागलं की चेहरा तुकतुकीत. सोडलं की लाल, जळजळ, बारीक पुरळ, बायकांच्या गालावर केस. मग पुन्हा तीच ट्यूब. दारूपेक्षा वेगळं काय आहे यात?

आता साय नेमकं करते काय, ते बघू.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे दगडी भिंत समजा. पेशी म्हणजे दगड, आणि मधे चुन्यासारखा स्निग्ध पदार्थ. थंडी, कोरडा वारा, गरम पाणी आणि कडक साबण हा चुना खरवडून नेतात. फटी पडतात. फटीतून आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरची घाण, जंतू आत येतात. त्वचा ताणते, खाजते, फुटते. उपाय दोन. एक, फट बुजेल असं काही स्निग्ध लावा: खोबरेल, तिळाचं तेल, तूप, साय. दोन, पाणी धरून ठेवेल असं काही लावा: ग्लिसरीन, मध. दुकानातल्या महागड्या बाटलीतही मुळात हेच दोन प्रकार असतात. वर सुगंध, वर टिकवायचं रसायन, आणि सगळ्यात वर जाहिरातीतली नटी.

ही भिंत म्हणजे नुसती शोभा नाही. ढाक्यातल्या एका रुग्णालयात अकाली जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावून पाहिलं. ज्या बाळांना तेल लावलं त्यांना रुग्णालयात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी निघालं. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते छापून आलं. स्वयंपाकघरातलं तेल एवढं करू शकतं. मग त्याला गोरेपणाच्या कामाला कशाला जुंपायचं?

तर ज्यांना खरंच घरी काही करायचंय, त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी.

1. अंघोळीनंतरचं तेल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी. कोमट पाण्यानं अंघोळ करा, कढत नको. अंग पूर्ण कोरडं पुसू नका, नुसतं टिपा. त्वचा ओलसर असतानाच हातावर चमचाभर खोबरेल किंवा तिळाचं तेल घेऊन हातपायांना लावा. ओल आत राहते, तेल वर झाकण घालतं. कोरड्या अंगावर दुपारी तेल चोपडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर मात्र चेहऱ्याला खोबरेल नको.

2. भेगांचं मलम. चार भाग तेल, एक भाग मधमाशीचं मेण, वजनानं. म्हणजे 100 ग्रॅम तेलाला 25 ग्रॅम मेण. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात वाटी ठेवून मेण तेलात वितळवा. थेट गॅसवर मेण ठेवू नका, पेट घेतं. ढवळून कोरड्या, स्वच्छ डबीत ओता. यात पाणी नाही, त्यामुळे लवकर नासत नाही. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पुसा, मलम भरा, वर जुने सुती मोजे घाला. कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. ते कोकमाच्या बियांचं घट्ट तेल थोडं गरम करून भेगांत भरतात, आणि ते उत्तम आहे.

3. साय आणि बेसन. ताजी साय एक चमचा, बेसन अर्धा चमचा. साबणाऐवजी लावायचं, हलक्या हातानं फिरवायचं आणि ओलं असतानाच धुवायचं. वीस मिनिटं वाळवत बसू नका. पीठ वाळलं की ताणतं, आणि मग कोरडी त्वचा आणखी कोरडी होते. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून चार दिवस वापरायचं नाही. दूध नासतं ते सगळ्यांना कळतं, मग साय घातलेला लेप नासत नाही असं कसं वाटतं?

4. ग्लिसरीन. मेडिकलमध्ये मिळतं. एक भाग ग्लिसरीन, तीन भाग उकळून गार केलेलं पाणी किंवा गुलाबपाणी. दोन-तीन दिवसांपुरतंच करा. नुसतं ग्लिसरीन फुटलेल्या त्वचेवर झोंबतं.

नवीन काहीही लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा.

आणि काय लावू नये? लिंबू. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की चट्टे उठतात, कधी फोड येतात, आणि मग काळे डाग महिनोनमहिने जात नाहीत. उजळायला गेलेली मुलगी काळवंडून येते ती अशी. खाण्याचा सोडा. आपली त्वचा किंचित आंबट स्वभावाची असते आणि तिचं ते कवच सोडा मोडून टाकतो. टूथपेस्ट. साखरेचे खडे घेऊन गाल घासणं. हे सगळं स्वयंपाकघरात किंवा मोरीत सापडतं, म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. मिरचीही स्वयंपाकघरातच असते.

थोडं सरकारकडे वळू, नाहीतर तुम्ही म्हणाल भाऊंनी पाककृती लिहायला घेतल्या.

स्वयंपाकघर कुठं संपतं आणि सौंदर्यप्रसाधन कुठं सुरू होतं, हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. खोबरेल तेलाची छोटी बाटली खायच्या तेलात धरायची की केसांच्या तेलात? खायचं म्हटलं तर 5 टक्के जीएसटी, केसांचं म्हटलं तर 18 टक्के. वाद जीएसटीच्याही आधीपासूनचा. 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. शेवटी 18 डिसेंबर 2024 ला तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला: बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल हे केसांचं तेल ठरत नाही. त्यानंतर सप्टेंबर 2025 पासून केसांच्या तेलावरचा करही 5 टक्क्यांवर आला.

बघा, कर कुठल्या रकान्यात बसवायचा यासाठी बाटलीचा आकार, वेष्टन, लेबल सगळ्याचा कीस पाडायला आपली यंत्रणा वर्षानुवर्षं तयार आहे. पण बिनलेबलाच्या डबीत पारा आहे का, हे बघायला माणूस नाही. खजिन्याला त्या डबीतून काही मिळत नाही, म्हणून ती कुणाच्याच रकान्यात नाही.

दुसरी जबाबदारी आपल्या समाजाची. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये बाजारात आलं आणि 2020 मध्ये त्याचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. पंचेचाळीस वर्षांनी नाव बदललं. आपल्या स्थळांच्या याद्या बदलल्या का? आमच्याकडे विवाह जुळवण्याच्या ग्रुपवर आजही ‘मुलगी गोरी, सुस्वरूप’ ही ओळ असते, आणि सावळ्या पोरीच्या बायोडेटात ‘गहूवर्णीय’ असा शब्द शोधून घातला जातो. विठ्ठल काळा चालतो, त्याच्या पायावर डोकं ठेवतो. सून मात्र गोरी हवी. पारा विकणाऱ्याचं गिऱ्हाईक आपणच घरात तयार करतो, आणि मग बातमी वाचून ‘काय जमाना आलाय’ म्हणतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॉइश्चरायझरची खरी गरज कुणाला आहे?

आमच्या मराठवाड्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ऐन थंडीत, पहाटेच्या दवात, फडात उभं राहायचं. उसाचं पाचट हाताला, गालाला चिरे पाडतं. त्यात चिखल, त्यात धूळ, अंघोळीला पाणी मिळालं तर मिळालं. त्या बायकांचे तळहात आणि टाचा बघा. कापूस वेचणाऱ्या बायकांची बोटं बघा, बोंडाच्या टोकांनी सोललेली. वीटभट्टीवरचे हात बघा. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या मावश्यांचे हात बघा, दिवसभर साबणाच्या पाण्यात. यांच्यासाठी एकही रील नाही. कारण यांना ग्लो नकोय. यांना उद्या सकाळी कोयता धरता यावा एवढंच हवंय.

आणि त्यात मधुमेह धरा. पायाची संवेदना गेलेली असते, टाचेला भेग पडलेली कळत नाही, भेगेतून जंतू जातात, जखम चिघळते, बोट कापायची वेळ येते, कधी पाय. ज्या गोष्टीची सुरुवात चमचाभर तेलानं थांबली असती, तिचा शेवट जिल्हा रुग्णालयाच्या ऑपरेशन टेबलावर होतो. मधुमेह असेल त्यांनी भेग ब्लेडनं खरवडू नये, पाय फार गरम पाण्यात बुडवू नयेत, रोज रात्री तळपाय बघावेत आणि जखम दिसली तर घरगुती काही न करता थेट दवाखाना गाठावा. इथं साय-बेसन चालत नाही.

म्हणून माझ्या मागण्या चार. आमदार-खासदारांना टॅग करायचं असेल तर खुशाल करा.

एक: अन्न व औषध प्रशासनानं तालुक्याच्या गावांतून, पार्लरमधून, जत्रांमधून क्रीमचे नमुने घ्यावेत, पारा आणि स्टेरॉइडसाठी तपासावेत आणि निकाल नावानिशी जाहीर करावेत. दिवाळीत खव्याचे नमुने घेतात ना, तसेच.

दोन: बचत गटांच्या बायका साबण, उटणं, मलम बनवतात. त्यांना चोर ठरवू नका. परवान्याची प्रक्रिया मराठीत, जिल्ह्याच्या ठिकाणी समजावून सांगा, तपासणीला मदत करा. प्रामाणिक बाईला परवाना मिळाला तरच बिनलेबलाच्या डबीला चाप बसेल.

तीन: ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. त्यानं आणि कारखान्यांनी प्रत्येक कोयत्यामागे हातमोजे आणि भेगांच्या मलमाची एक मोठी डबी द्यावी. साखरेच्या एवढ्या मोठ्या हिशेबात हा खर्च दिसणारसुद्धा नाही.

चार: आशाताईंच्या हातात आधीच खूप कामं आहेत, मोबदला तुटपुंजा आहे, हे मान्य. त्यांच्यावर आणखी ओझं नको. पण उपकेंद्रात मधुमेहाची गोळी देताना रुग्णाला चप्पल काढायला सांगून तळपाय बघायचे, आणि साधं मलम तिथंच द्यायचं, एवढा नियम आरोग्य खात्यानं करावा.

बाकी, साय उरली तर तोंडाला लावा. हातापायांना लावा. सासूच्या टाचेला लावा, बापाच्या तळपायाला लावा. पण आरशात रंग मोजत बसू नका. आणि कुणी डबी पुढे करून म्हणालं ‘आठ दिवसांत गोरी’, तर त्या डबीचा फोटो काढा, लेबल नाही हे दाखवा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका.

पटलं तर पुढे पाठवा. विशेषतः ज्या ग्रुपवर ‘मुलगी गोरी हवी’ असं लिहितात, त्या ग्रुपवर.